पांढरीतली माणसे : डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयातील एक दुपार

विद्यालयाच्या सहलींचा विषय निघाला की माजी विद्यार्थ्यांना सिंहगडावरचे पिठले-भाकरी आठवते, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवतो, आगाखान पॅलेससमोर काढलेले सामुदायिक छायाचित्र आठवते. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्व संग्रहालयाचे नाव मात्र सहसा कोणी काढत नाही. हा दोष विद्यार्थ्यांचा नाही, आमचा आहे. इतिहास शिकविणाऱ्या आम्ही शिक्षकांनी मुलांना पहिल्यांदा तेथे नेले तेव्हा अवघ्या वीस मिनिटांत सारी रांग बाहेर आली होती. कपाटांत दगड होते, मातीची भांडी होती, हाडे होती. सोने नव्हते, तलवारी शोधणाऱ्यांची निराशा झाली होती. "सर, इथं बघायचं काय?" असे एका मुलाने विचारले आणि आमच्यापाशी त्याला देण्याजोगे उत्तर नव्हते. आम्ही शिस्तीविषयी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

पुढच्या खेपेस आम्ही तयारी करून गेलो. आधी स्वतः वाचले, मग वर्गात सांगितले, मग मुलांना नेले. त्या दुसऱ्या भेटीत मुले अडीच तास आत होती आणि त्यांना बाहेर काढताना आम्हाला आवाज चढवावा लागला. त्या तयारीत आम्हाला जे उमगले ते माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपल्यापैकी ज्यांची ती सहल वाया गेली, त्यांचे हे देणे आम्ही लागतो.

प्रारंभ एका शब्दापासून करू. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात तेथे चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, हाडे, फुटकी मडकी असे सारे एकावर एक साचत जाते आणि मातीचा रंग राखाडी-पांढुरका होतो. वस्ती उठून गेली तरी पांढर उरते. नदीकाठच्या कित्येक गावांत शेताच्या मधोमध असे एखादे बुटके टेकाड असते. लोक त्याला पांढरीचे टेकाड म्हणतात आणि तिथली माती घर लिंपायला किंवा खत म्हणून शेतात टाकायला नेतात. पुरातत्त्वज्ञ अशीच टेकाडे शोधत फिरतात. म्हणजे जो शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होता तोच या शास्त्राचा पहिला धडा आहे.

डेक्कन कॉलेजची मूळ संस्था १८२१ सालची. लोकमान्य टिळक तेथे शिकले. पुढे १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून तिचा नवा जन्म झाला आणि त्याच वर्षी डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया (१९०८–१९८९) तेथे रुजू झाले. तरुणपणी त्यांनी नालंदा विद्यापीठावर ग्रंथ लिहिला होता, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. पुढे मात्र त्यांचे आयुष्य नद्यांच्या काठाने गेले. प्रवरा, गोदावरी, घोड, तापी यांच्या दरडींत आणि पांढरींत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे शोधले, त्यातले पुष्कळसे या संग्रहालयात मांडलेले आहे. त्याच संस्थेत त्या काळी इरावती कर्वे होत्या. 'युगान्त'मुळे त्या आपल्याला लेखिका म्हणून ठाऊक आहेत, पण गुजरातेतील लांघणज येथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे शोधण्याच्या कामात त्या सांकलियांबरोबर होत्या.

संग्रहालयात जाण्याआधी मुलांना काळाची लांबी दाखवावी लागते. आकडा सांगून ती कळत नाही. आम्ही मैदानावर एक खुंटी ठोकली आणि एक पाऊल म्हणजे हजार वर्षे असे ठरविले. १९५६ सालची नागपूरची दीक्षाभूमी खुंटीपासून चार बोटांवरच राहिली. तथागतांचा काळ अडीच पावलांवर आला. इनामगावची पहिली घरे साडेतीन पावलांच्या किंचित पुढे. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा जो प्रचंड स्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला तो मैदानाच्या पलीकडच्या कुंपणाकडे गेला, आणि प्रवरेकाठच्या नेवाशाची दगडी हत्यारे शोधायची तर शेकडो पावले टाकीत रस्त्याने पार पुढच्या फाट्यापर्यंत चालत जावे लागेल असे सांगितल्यावर मुले खरोखर निघाली. त्यांना परत बोलवावे लागले.

टोब्याचे नाव मध्येच का आले, असे कोणी विचारील. त्या स्फोटाची राख भारतातील अनेक नद्यांच्या गाळात सापडते. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी येथेही ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सोबतीने दगडी हत्यारे सापडली आहेत. ती राख टोब्याच्या त्या शेवटच्या स्फोटाची की त्याहून पुष्कळ जुनी, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला. या वादाची हकीकत आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक वाक्य कोणीतरी भांडून मिळविलेले असते, हे त्यांना त्यामुळे कळते.

नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे माहीत. तेथील हातकुऱ्हाड काचेआड पाहिली की प्रथम ती नदीतला एक दगडच वाटते. मग नीट पाहावे. दगड पाण्यात गडगडत आला तर त्याचे कोपरे झिजून तो गोल होतो, पण येथे उलट घडले आहे : दोन्ही बाजूंनी एकेक कपचा काढून कडेला धार आणली आहे, आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या जुळविल्या आहेत. एक कपचा चुकून निघेल, पंधरा-वीस कपचे ओळीने एकाच दिशेला चुकून निघत नाहीत. दगडात कुऱ्हाड आधी मनात पाहिल्याशिवाय ती हातात येत नाही. आमच्यासोबत आलेल्या पालकांपैकी एकजण पाथरवटाचे काम करतात. त्यांनी त्या हत्याराकडे बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाले, "याला दगडाची नस कळत होती."

या दालनात फार रेंगाळू नये असे आमचे मत आहे. हत्यारे अनेक असतात, मुलांचे डोळे थकतात. खरी गोष्ट पुढे आहे.

पुण्याच्या पूर्वेस शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठी इनामगाव आहे. तेथील पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे दशकाहून अधिक काळ उत्खनन केले. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी ते काम चालविले आणि त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनच्या आद्य शेतकऱ्यांविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग या एका गावातून आलेला आहे. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास तेथे वस्ती झाली आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास ती उठली. या नऊशे वर्षांचे तीन टप्पे पाडतात : आधी माळवा संस्कृती, मग इ. स. पूर्व १४०० ते १००० पूर्व जोर्वे, आणि शेवटी उत्तर जोर्वे. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातील प्रवरेकाठचे गाव. १९५०-५१ मध्ये तेथे प्रथम उत्खनन झाले म्हणून त्या संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. एका लहान खेड्याचे नाव जगभरच्या ग्रंथांतून छापले जाते, हे त्या तालुक्यातील आपल्या माजी विद्यार्थ्यांनी अभिमानाने सांगावे.

जोर्व्याची भांडी ओळखायला सोपी : लालसर पृष्ठभाग, त्यावर काळ्या रंगाच्या तिरक्या रेघा, चौकटी, जाळी. कित्येक भांड्यांना लांब तोटी असते. भाजणी इतकी चांगली की टिचकी मारली तर खणखणीत वाजावे. त्यावेळी तांबे होते, पण दुर्मीळ. म्हणून रोजची कापाकापी गारेसारख्या चिवट दगडाच्या इवल्या पात्यांनी होई. यावरूनच या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात.

वर्ष कसे कळते, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत निघतो. झाड जिवंत असताना हवेतून कार्बन घेते. त्यात एक किरणोत्सारी प्रकार अगदी अल्प प्रमाणात असतो. झाड मेले की नवा कार्बन येणे थांबते आणि तो किरणोत्सारी भाग हळूहळू घटू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. चुलीतला कोळसा किंवा जळलेला दाणा घेऊन त्यात किती उरला आहे हे मोजले की काळ निघतो. धान्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. चांगले राखलेले धान्य कुजून नाहीसे होते. जे सांडले, करपले, कोळसा झाले, तेच हजारो वर्षे टिकते. इनामगावकरांच्या घरी भात-भाकरी करपली नसती तर ते काय खात हे आपल्याला कधीच कळले नसते. आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मावशी त्या वर्षी सहलीबरोबर होत्या. त्यांना ही गोष्ट इतकी आवडली की पुढे कित्येक दिवस करपलेल्या भाकरीविषयी तक्रार करणाऱ्या मुलांना त्या हेच ऐकवीत.

तर या करपलेल्या दाण्यांवरून दिसते की त्यांचे मुख्य पीक सातू होते. आज ज्या मुलखात ज्वारी-बाजरीशिवाय पान हलत नाही तेथे तेव्हा सातू पिकत होता. त्याजोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, तीळ. रानातून बोरे, जांभळे, आवळे येत. गाय-बैल, म्हैस, शेळ्या-मेंढ्या पाळलेल्या होत्या, कुत्रा होता. हरणे, ससे, मासे, कासव, खेकडे हेही खाण्यात होते. आणि इतक्या जुन्या काळी त्यांनी दगडमातीचा बांध घालून पुराचे पाणी पाटाने वळविले होते. अवर्षणाचा मुलूख आहे, ही त्यांची अडचण होती आणि आपलीही आहे.

दालनात पाटा होता. मावशींनी तो लगेच ओळखला, मात्र त्याजवळ जाते कोठे दिसेना म्हणून त्या बुचकळ्यात पडल्या. जाते पुष्कळ नंतरचे. फिरती तळी आपल्याकडे सातवाहनांच्या काळात रूढ झालेली दिसते. त्याआधी हजाराहून अधिक वर्षे बायकांनी गुडघे टेकून, पाट्यावर पुढे-मागे दगड रेटीत घरभराचे धान्य भरडले. हे समजल्यावर मावशी काही बोलल्या नाहीत. पाट्याच्या मधोमध झिजून पडलेली खोलगी त्यांनी काचेवरून बोटाने दाखविली. इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या लढायांना प्रकरणे मिळतात. त्या खोलगीला कधी एक ओळ मिळाल्याचे आम्हाला आठवत नाही.

इनामगावात तीनही टप्पे मिळून १३० हून अधिक घरांचे अवशेष उघड झाले. घर म्हणजे भिंती उभ्या सापडल्या असे नव्हे. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर कधीच मातीत मिळालेले असते. सापडते ती चोपून सारवलेली जमीन, भिंतीचा तळातला मातीचा पट्टा, आणि खांब कुजून गेल्यावर त्यांच्या जागी भरलेल्या वेगळ्या रंगाच्या मातीची वर्तुळे. या वर्तुळांवरून घराचा आकार काढतात. पूर्व जोर्वे काळातील घरे चौकोनी, ऐसपैस, ओळीने बांधलेली, मध्ये बोळ ठेवलेली होती. धान्य साठवायला जमिनीत खणलेली पेवे होती, कणग्या ठेवायला मातीचे गोल ओटे होते.

येथे आम्ही मुलांना गावाचा नकाशा काढायला लावतो, कारण पुढचा सारा भाग नकाशावर अवलंबून आहे. गावाच्या मधल्या भागात एक मोठे घर, पाच खोल्यांचे. त्याला लागून धान्याचे कोठार. बऱ्या स्थितीतील शेतकऱ्यांची घरे मध्यभागी, तर कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक विलक्षण दफन मिळाले : कच्च्या मातीचा, पोटाशी फुगीर, चार पायांचा मोठा रांजण, आणि त्यात मांडी घालून बसविलेला सुमारे चाळिशीचा पुरुष.

त्या रांजणासमोर उभे राहण्याआधी इतरांना कसे पुरत हे ठाऊक असायला हवे. प्रौढ माणसाला बहुधा घराच्याच परिसरात, उत्तरेकडे डोके करून, उताणे निजवीत. जवळ अन्नपाण्याची भांडी ठेवीत. आणि पूर्व जोर्वे काळातील कित्येक सांगाड्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. बाकीची हाडे जागच्या जागी, पावलांची तेवढी नाहीत. मेलेल्या माणसाने उठून घर सोडून जाऊ नये अशी काही समजूत त्यामागे असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. रांजणातल्या पुरुषाची पावले मात्र शाबूत होती.

वर्गात ही माहिती सांगून आम्ही थांबतो आणि निष्कर्ष मुलांवर सोडतो. दरवेळी कोणी ना कोणी उत्तर काढतेच. "तो गावचा पुढारी होता. सगळ्यांचं धान्य त्याच्याकडे जमा होत असणार." अभ्यासकांनीही जवळपास हेच म्हटले आहे : तो गावप्रमुख असावा आणि कोठारातील धान्य सारा म्हणून जमा होत असावे. पण हे 'असावे' मुलांनी गाळू नये यासाठी आम्ही फार झटतो. मोठे घर एखाद्या मोठ्या कुटुंबाचेही असू शकते. निराळे दफन एखाद्या वैदूचेही असू शकते. घराची जागा, खोल्या, कोठार, रांजण, पावले अशा पाच गोष्टी एकाच ठिकाणी जुळून येतात तेव्हाच तर्काला वजन येते.

याच ठिकाणी दोन वर्षांपूर्वी एका नववीतील विद्यार्थ्याने जो प्रश्न केला तो आम्ही विसरलेलो नाही. नकाशाच्या पश्चिम कडेवर बोट ठेवून त्याने विचारले, "म्हणजे तेव्हापासूनच का, सर? काही लोक मध्ये आणि काही कडेला?" त्याला काय विचारायचे आहे हे वर्गातील प्रत्येकाला समजले होते. गावकुसाबाहेर म्हणजे काय हे आपल्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

'हो' म्हणणे सोपे होते, आणि ते टाळ्या घेणारेही ठरले असते. आम्ही त्याला जे सांगितले ते असे. या पांढरीत विषमता दिसते, यात संशय नाही. कोणाकडे कोठार आहे, कोणाकडे नाही. पण कुंभाराची भट्टी वस्तीच्या कडेला असण्याला धूर आणि आगीचे भय हेही कारण पुरते. कडेला राहणाऱ्याला मधल्या घराच्या पाण्याला हात लावायची बंदी होती असे सांगणारा एकही पुरावा या मातीत नाही. शिवाय जन्माने कोणी कारागीर ठरत होता की कामाने, हे हाडांवरून कळत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांचे मूळ शोधणारा आपला ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रतिपादनानुसार अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास झाला. म्हणजे इनामगाव ओसाड पडल्यानंतर हजारांहून अधिक वर्षांनी. त्यांनी या प्रश्नाकडे इतिहासाचा प्रश्न म्हणून पाहिले : ज्याला आरंभ आहे त्याचा आरंभ शोधता येतो. जे 'पहिल्यापासूनच आहे' असे आपण मान्य करतो त्याला मात्र कोणीच हात लावीत नाही. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण कोठार तर होतंच." होतेच, हे आम्हालाही मान्य करावे लागले.

इनामगावची बहुसंख्य दफने मोठ्यांची नाहीत, लहान मुलांची आहेत. घराच्या जमिनीखाली खड्डा खणून दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवीत आणि त्यांत मूल निजवीत. मुलाचे वय दातांवरून कळते : कोणते दुधाचे दात आले, कोणते हिरडीतच आहेत. दंतशास्त्राचा हा उपयोग ऐकून मुलांना नवल वाटते. नेवासे येथे एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे आतला धागा टिकला आणि तपासणीत त्यात रेशीम व कापूस आढळले. तांबे इतके दुर्मीळ असण्याच्या काळी कोणीतरी ते मणी काढून घेतले नाहीत, तसेच राहू दिले. त्या दोन मडक्यांसमोर पालकांतील स्त्रिया अधिक वेळ उभ्या राहतात, हे आम्ही प्रत्येक भेटीत पाहिले आहे. तेथे आम्ही काही समजावून सांगत नाही.

याच गावात एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीचे झाकणदार पात्र, स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल एकत्र मिळाले. मूर्तींपैकी एकीला शीर नाही. ती कोणती देवता, याविषयी बरेच लिहिले गेले आहे. आम्हाला त्यातील कोणतेच नाव निश्चित वाटत नाही. म्हणून मुलांना नाव न सांगता मूर्ती पाहू देतो.

आता एक तुलना. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ मध्ये भिल्ल समाजातील एका ग्रामस्थाला झुडपाची मुळे खणताना चार धातूच्या मूर्ती मिळाल्या : बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सर्वांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. कलेच्या दृष्टीने त्या अप्रतिम आहेत आणि त्यांचे स्थान आज दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संग्रहालयांत आहे. पुढे दायमाबादला विस्तृत उत्खननही झाले. परंतु मूर्ती शास्त्रीय उत्खननात, थर पाहत पाहत वर आलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या काळाच्या यावर मतभेद झाले. उत्खनन करणाऱ्यांनी त्या उत्तर हडप्पा काळाच्या मानल्या, तर काहींनी धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून शंका घेतली. त्यात त्या ग्रामस्थाचा दोष नाही. त्याच्या हातून त्या चोरबाजारात गेल्या नाहीत, हे देशाचे भाग्य. पण फरक ध्यानात यावा. त्या बहुमोल मूर्तींचे वय सांगताना विद्वान अडखळतात, आणि इनामगावच्या कच्च्या मातीच्या रांजणावरून, ज्याला बाजारात कोणी दमडी देणार नाही, एका अख्ख्या गावाची घडण वाचता येते. कारण रांजण कोठे होता, कोणत्या थरात होता, त्याच्या शेजारी काय होते, हे सारे ठाऊक आहे. संग्रहालयात काय पाहायचे, या त्या पहिल्या मुलाच्या प्रश्नाला आमच्यापाशी आज हेच उत्तर आहे : वस्तूच्या आधी तिची जागा.

इ. स. पूर्व १००० नंतर इनामगावचे दिवस फिरले. पाऊस कमी होत गेला असावा, शेती खालावली, शिकारीवरचा भर वाढला. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांचा घाट आणि भाजणीही उतरली. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास शेवटची चूल विझली. लोक नाहीसे झाले असे नव्हे. जनावरे हाकीत ते भटक्या जीवनाकडे वळले असावेत असे ढवळीकरांचे मत आहे. दुष्काळात गाव सोडण्याचा अनुभव आपल्या कित्येक पालकांच्या घरांतही आहे, तेव्हा त्यावर आम्ही अधिक लिहीत नाही.

व्यवहाराची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. विहीर खणताना, शेत सपाट करताना, घराचा पाया घेताना आपल्यापैकी कोणालाही जुने काही सापडू शकते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. मडक्याच्या तुकड्यांसाठी तेथवर जाण्याची गरज पडणार नाही, परंतु तेही उचलून आणू नयेत. आरंभी आमची मुले उत्साहाने खिसे भरून खापऱ्या आणीत. आम्ही कौतुक करीत असू, ती आमची चूक. आता त्यांना वही दिली आहे. वस्तू जागेवर ठेवायची आणि वहीत लिहायचे : गाव, शेताची खूण, नदी-ओढ्यापासूनचे अंतर, मातीचा रंग, किती खोलीवर दिसले, आणि पेन्सिलीने एक चित्र. बऱ्याच नोंदी अलीकडच्या कौलांच्या निघतात. त्याने मुले नाउमेद होत नाहीत.

सहलीची बस पुणे–अहिल्यानगर रस्त्याने परतते तेव्हा शिरूरजवळ घोड नदीचा पूल लागतो. शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. गेल्या वर्षी पुलावर अंधार पडला होता. मागच्या बाकांवर गाण्याच्या भेंड्या चालू होत्या, त्या कोणीतरी थांबविल्या आणि मुले खिडक्यांशी गोळा झाली. पाणी थोडेच होते. नववीतला तो मुलगा, आता तो अकरावीत आहे आणि सहलीत मदतनीस म्हणून आला होता, चालकाला म्हणाला, "काका, जरा हळू घ्या ना." चालकाने बस हळू केली.

ज्यांच्या गावात, शेतात किंवा आजोळी पांढरीचे टेकाड आहे अशा माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी गावाचे नाव आणि जवळच्या नदी-ओढ्याचे नाव विद्यालयाच्या इतिहास विभागाकडे लिहून पाठवावे. टेकाडाला लोक कोणत्या नावाने ओळखतात तेही लिहावे. वही आमच्याकडे तयार आहे.